आपला बैल, तुमचा बैल

२०२२ सालच्या माघ महिन्यातली एक संध्याकाळ. आमच्यापैकी एक जण जळगावला अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरीत बसला होता, दुसरा धुळ्याला ओट्यावर वर्तमानपत्र चाळीत होता. तासाभराच्या अंतराने दोघांनाही एकाच माणसाचा दूरध्वनी आला. पलीकडे मामा होते. आवाज चढलेला, मागे ढोलांचा आणि माणसांचा गलका. ते एवढेच म्हणाले, "भाचा, आपला हरण्या जिकना!"

मामा खरे तर आमच्यातल्या धुळेकराचे. पण उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात एम. ए. करीत असताना प्रत्येक सुट्टीत आम्ही दोघेही शिंदखेडा तालुक्यातल्या त्यांच्या तापीकाठच्या गावी जाऊन राहायचो. तेव्हापासून दुसऱ्यानेही त्यांना मामाच म्हणावे आणि मामांनीही त्याला भाचाच म्हणावे, असा प्रघात पडला. आज आम्ही दोघेही चाळिशी ओलांडून पुढे आलो आहोत, दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि मामांच्या लेखी अजून शिदोरी बांधून देण्याच्या वयाचे आहोत. असो.

मामांच्या त्या वाक्यातला एक शब्द त्या दिवशी आमच्या कानांवरून नुसता निघून गेला. तो शब्द म्हणजे 'आपला'. आम्ही आणि आपण हा भेद मराठीत आहे, शेजारच्या गुजरातीत आहे, हिंदीत नाही. 'आम्ही'मध्ये ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण'मध्ये त्याला आत घेतले जाते, हे आम्ही भाषाविज्ञानाच्या तासाला दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवतो. ज्या बैलाला आम्ही कधी मूठभर ढेप खाऊ घातली नव्हती, त्याच्या विजयात मामांनी आम्हांला एका सर्वनामाने भागीदार करून घेतले होते. भागीदारी म्हटली की नफ्याबरोबर तोटाही येतो, हे कळायला आम्हांला पुढे काही महिने लागले. हा लेख त्या महिन्यांचा आहे.

हरण्या हा तापी खिल्लार. खिल्लारांच्या ज्या काही पोटजाती मानल्या जातात, त्यांतली ही आपल्या खानदेशची. जुनी माणसे तिला ठिल्लारी असेही म्हणतात. रंगाने पांढरा, नाकपुडी गुलाबीसर, खूरही फिकट. २०१३ च्या दिवाळीनंतर मामांनी त्याला बाजारातून आणला, तेव्हा तो नुकताच दोन दाती झाला होता. म्हणजे वय सव्वादोन-अडीच वर्षे. बैलाचे वय दातांवरून सांगतात: दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला. चार-पाच वर्षांत दात जुळले की पुढे नेमके वय सांगणारी खूण उरत नाही. मग दातांची झीज पाहायची, शिंगांवरची वलये मोजायची आणि विकणाऱ्याच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवायचे. घोड्याचेही तसेच. पाचव्या वर्षी त्याचे तोंड पूर्ण होते, त्यानंतरचे वय हा बराचसा अंदाजाचा आणि काहीसा व्यापाऱ्याच्या इमानाचा भाग.

मामांनी हरण्याला हौसेने पळायला शिकवले. नदीकाठच्या वाळूत, पहाटे, रिकामी हलकी गाडी जोडून. तो पळायला तयार झाला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तमिळनाडूतल्या जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतींवरही बंदी आली. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखी पळण्यासाठीची त्याची शरीररचना नाही, आणि दुखापतीपासून व भयापासून मुक्त असण्याचा त्यालाही हक्क आहे, असे त्या निकालाचे सार. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून पाहिली, पण उच्च न्यायालयात ती अडली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शर्यतींना अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. कायद्याच्या अभ्यासकाला या चार-पाच तारखा आहेत. हरण्याला ते आयुष्य होते. त्याच्या भर उमेदीची साडेसात वर्षे नांगर-वखरात आणि कपाशीच्या कोळपणीत गेली. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तो अकराव्या वर्षात होता.

आणि त्या वयात तो जिंकला.

आता या जिंकण्याचे मूल्यमापन कसे करायचे? आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गावी पोचलो, तेव्हा पारावर तेच चालले होते. आमच्या चर्चासत्रांत असते त्याहून ही समीक्षा अधिक काटेकोर होती. एक जण सेकंद सांगत होता. दुसरा म्हणत होता, सेकंदांना अर्थ नाही, सकाळची धावपट्टी दबलेली असते आणि दुपारची भुसभुशीत, हरण्या दुपारी पळाला. तिसऱ्याचा मुद्दा असा की ज्या जोडीवर सर्वांचा भरवसा होता, तिची गाडी धावपट्टीच्या बाहेर गेली. ती सरळ आली असती तर? चौथ्याने जोडीदाराची आठवण करून दिली. हरण्या एकटा जिंकलेला नव्हता. त्याच्या जुवाखाली शेजारच्या गावचा पाच वर्षांचा एक तरणा बैल होता. दोन घरांनी पैरा केला होता. मग विजयातला किती वाटा म्हाताऱ्याचा आणि किती तरण्याचा?

हे प्रश्न फार जुने आहेत आणि गावोगावचे आहेत. आपल्याकडे घोड्यांची अडथळ्यांची शर्यत फारशी रुजली नाही. पण इंग्लंडात तिची दीडशे-दोनशे वर्षांची परंपरा आहे आणि तिथेही हाच खल चालतो. ग्रँड नॅशनल या तिथल्या सर्वांत नावाजलेल्या शर्यतीत १९६७ साली तेविसाव्या अडथळ्याशी घोड्यांची एकच गर्दी झाली, बहुतेक घोडे पडले किंवा अडले, आणि मागून येणारा फॉयनॅव्हन नावाचा घोडा त्यातून वाट काढून जिंकला. त्याच्यावर एकास शंभर असा भाव होता. त्याचा विजय खोटा होता का? तो सर्वांत वेगवान नव्हता. पण सगळे उडी चुकले तिथे तो चुकला नाही, हेही खरेच. उलट १९५६ साली डेव्हन लॉख हा घोडा सर्व अडथळे पार करून, सर्वांच्या पुढे असताना, शेवटच्या खांबापासून हाकेच्या अंतरावर सपाट जमिनीवर कोसळला. नोंदवहीत त्याच्या नावापुढे विजय नाही. पळणे आणि जिंकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे निराळे सांगायला नको. कलाकृतीचे मोठेपण आणि तिला मिळालेला पुरस्कार यांतले अंतर आपण रोजच मोजत असतो.

पारावरची ही समीक्षा ऐकून आम्ही मामांच्या गोठ्यात गेलो. मामा तिथे एकटेच गव्हाणीच्या कडेला टेकून बसले होते. ऊन बरेच वर आले होते. बाकीची जनावरे उठून कडबा खात होती. हरण्या बसून होता. रात्री त्याने अंबोण तोंडी लावले नव्हते. मामांनी आमच्याकडे न पाहता सांगितले, "दुसरा दिन सकायले जनावर कशा उठस, ते देखानं." सेकंद पाहू नयेत, कोण मागे राहिले ते पाहू नये, जिंकल्याच्या दुसऱ्या सकाळी जनावर कसे उठते ते पाहावे. थोड्या वेळाने हरण्या उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे गुडघे टेकवून क्षणभर थांबला, मग उभा राहिला. त्या क्षणभराच्या थांबण्याकडे मामा पाहत होते. आम्ही त्याच्या शिंगांना बांधलेल्या फुग्यांकडे पाहत होतो.

दुपारपर्यंत दोन गिऱ्हाइके येऊन गेली. विजयाने बैलाची किंमत तिपटीने वाढली होती. मामांना विकायचा नव्हता. जो अकराव्या वर्षी बैल घेतो तो त्याला सांभाळण्यासाठी घेत नाही, पळवण्यासाठी घेतो, एवढे त्यांना कळत होते. प्रश्न वेगळा होता. दीड महिन्याने, चैत्रात, आणखी एक मोठी शर्यत होती. गावाला हरण्या तिथे पळायला हवा होता. मामांचे मन होत नव्हते. त्यांनी आम्हांला विचारले, "तुम्ही शिकेल माणसं. काय करानं?"

इथे आमचा या गोष्टीतला सहभाग सुरू होतो आणि तो आम्हांला लपवता येण्यासारखा नाही. आम्ही म्हणालो, एकदा पळू द्या. फक्त एकदा.

असे का म्हणालो? त्या वेळी आमच्यापाशी युक्तिवादांची कमतरता नव्हती. एक म्हणाला, कायद्याने या बैलाची उमेदीची वर्षे नेली, आता त्याच्या वाट्याला संधी आली आहे तर ती आपण का हिरावावी? दुसऱ्याने इंग्लंडमधल्या कॉटो स्टारचे उदाहरण दिले. हा घोडा २००७ आणि २००९ साली चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकलेला. एकदा गमावलेला हा मान परत मिळवणारा तो पहिलाच. २०११ च्या वसंतात मात्र तो एका शर्यतीतून अर्ध्यातच थांबवावा लागला आणि आता त्याला निवृत्त करा, त्याची लाज राखा, असे जाणकार म्हणू लागले. मालक आणि प्रशिक्षकाने ऐकले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणि पुन्हा डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, त्याने त्या काळच्या तरुण विजेत्याला हरवले. डिसेंबरातली किंग जॉर्ज शर्यत तर त्याने पाचव्यांदा जिंकली. जाणकार खोटे पडले. रेड रम हे आणखी एक उदाहरण. १९७३ आणि १९७४ साली ग्रँड नॅशनल जिंकून पुढची दोन वर्षे तो दुसरा आला. त्याचे दिवस संपले असे म्हटले गेले आणि १९७७ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तो तिसऱ्यांदा जिंकला. मामांनी हे सारे शांतपणे ऐकून घेतले. अकरावे वर्ष, बारावे वर्ष, हे आकडे त्यांना पटण्यासारखे होते.

आम्ही त्यांना बेस्ट मेटची गोष्ट सांगितली नाही. २००२, २००३ आणि २००४ अशी सलग तीन वर्षे गोल्ड कप जिंकलेला हा घोडा. १ नोव्हेंबर २००५ रोजी एक्झिटरच्या मैदानावर स्वाराने त्याला शर्यतीतून बाहेर काढले, स्वार खाली उतरला आणि घोडा तिथेच कोसळून मेला. वय दहा वर्षे. ही गोष्ट आम्हांला ठाऊक होती. रेड रमचा शेवटही आम्ही सांगितला नाही: १९७८ च्या शर्यतीच्या आदल्याच दिवशी त्याच्या पायाच्या हाडाला बारीक चीर आहे हे लक्षात आले आणि त्याला मागे घेतले गेले, म्हणूनच तो १९९५ पर्यंत, तीस वर्षे, जगला. आपल्या प्रतिपादनाला सोयीची तेवढी अवतरणे घ्यायची आणि गैरसोयीची गाळायची, ही सवय आम्ही विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत लाल शाईने दाखवतो. मामांच्या ओसरीवर आम्ही तेच केले.

आणि खरे कारण या सर्वांहून लहान होते. हरण्याची ती शर्यत आम्ही पाहिली नव्हती. आम्हांला ती पाहायची होती.

चैत्रातली शर्यत आम्ही पाहिली. तिचे वर्णन करणे आम्हांला जमेल, पण ते करू नये असे वाटते. हजार मीटरांच्या आतले अंतर, मोजके सेकंद. कोणी काठी मारली नाही, कोणी शेपटी पिरगाळली नाही; धुरकरी भला माणूस होता. नियम पाळून सर्व काही झाले. हरण्या सुरुवातीला पुढे होता. तरण्या जोडीदाराचा वेग वाढत गेला आणि त्याचा वाढू शकला नाही. जू तिरपे झाले. एक बैल दुसऱ्याला ओढतो आहे असे दिसू लागले आणि शेवटच्या टप्प्यात त्याचा पुढचा उजवा पाय दुमडला. तो पडला नाही. तीन पायांवर अंतर पुरे करून तो थांबला. पशुवैद्यकाने पाय चाचपून सांगितले, हाड शाबूत आहे, पण सांध्याचे बंध गेले. आता हा पळायचा नाही, जड कामालाही जुंपू नका.

टेम्पोतून त्याला गावी आणले तेव्हा रात्र झाली होती. पारावर माणसे होती. कोणी वाईट बोलले नाही. एकाने हळहळून विचारले, "मामा, तुमना बैलले बरंच लागनं का?"

तुमना. तुमच्या. माघात तो सगळ्या गावाचा 'आपला' होता. चैत्रात तो मामांचा झाला. विचारणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही; त्याच्या तोंडी ते आपसूक आले. आणि आम्ही? परतीच्या वाटेवर आमच्या बोलण्यात तो 'मामांचा बैल' झालेला होता, हे एकाच्या लक्षात आले आणि नंतर सोनगीरचा घाट ओलांडेपर्यंत कोणी काही बोलले नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी, एकमेकांना न सांगता, एकच कथा पुन्हा वाचायला काढली. टॉलस्टॉयची 'खोल्स्तोमेर'. १८८६ साली प्रसिद्ध झालेली ही कथा एका म्हाताऱ्या, खच्ची केलेल्या, कबऱ्या घोड्याची आहे. कळपातली तरणी घोडी त्याला छळतात आणि तो रात्री-रात्री त्यांना आपली हकीकत सांगतो. त्याच्या आयुष्यातल्या एका विजयाचा प्रसंग आम्ही विसरलो होतो. घोडेपैदास केंद्राच्या मालकाचा लाडका घोडा 'हंस' याला तो दुडक्या चालीत मागे टाकतो आणि या विजयाचे बक्षीस म्हणजे त्याची विक्री: मालकाला हे कळू नये म्हणून त्याचा ताबेदार त्याला दूर विकून टाकतो. पुढचा शौकीन मालक प्रेयसीचा पाठलाग करताना त्याला असा पळवतो की तो कायमचा मोडतो. आणि 'माझा घोडा', 'माझी जमीन' या शब्दांचा अर्थ काय, हे त्या घोड्याला अखेरपर्यंत उमगत नाही. जे लोक त्याला माझा म्हणत, ते त्याच्यावर बसत नसत, त्याला चारा घालत नसत. ते सारे करणारे लोक निराळेच असत. विश्वसाहित्याच्या तासाला याला आम्ही अपरिचितीकरण म्हणतो आणि श्क्लोव्हस्कीचे नाव फळ्यावर लिहितो. तंत्र म्हणून ते आम्हांला चांगले समजले होते.

त्याच टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'मध्ये अडथळ्यांची एक शर्यत आहे. व्रॉन्स्की आपल्या फ्रू-फ्रू या घोडीवर सर्वांच्या पुढे असतो. शेवटचा अडथळाही ती पार करते आणि त्याच क्षणी तो चुकीच्या वेळी खोगिरात मागे बसतो. घोडीचा कणा मोडतो. तिला गोळी घालावी लागते. या प्रसंगावर आम्ही दोघांनी मिळून निदान पंधरा वर्षे व्याख्याने दिली असतील: फ्रू-फ्रू म्हणजे ॲनाच्या भवितव्याची सूचना, वगैरे. ते बरोबरही आहे. पण प्रत्येक घोड्याला माणसाचे प्रतीक करून टाकले की घोड्याचा कणा मोडला ही साधी गोष्ट वाचायची राहून जाते. हरण्यालाही आम्ही तसेच वाचले होते. गमावलेल्या वर्षांचे उट्टे काढणारा म्हातारा नायक! ही कथा आम्हांला हवी होती. हरण्याने गमावलेल्या वर्षांची तक्रार कधी केली नव्हती. ती तक्रार आमची, आमच्या चाळिशीतली होती.

आता निवृत्तीचा प्रश्न. आमची निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात आधीच लिहिलेली आहे; साठाव्या वर्षी हार, श्रीफळ, शाल आणि मागाहून निवृत्तिवेतनाची कागदपत्रे. जनावराला तारीख नसते आणि वेतनही नसते. कॉटो स्टार २०१२ साली निवृत्त झाला तेव्हा त्याने पुढे काय करावे यावरून त्याचे मालक आणि प्रशिक्षक यांच्यात जाहीर मतभेद झाले. श्रीमंत घरचा घोडा, त्याच्या म्हातारपणासाठी भांडायला माणसे होती. तरीही २०१५ साली कुरणात झालेल्या दुखापतीनंतर त्याला मरण द्यावे लागले. आपल्याकडे प्रश्न भांडणाचा नसून कडब्याचा आहे. १९७६ च्या कायद्यानुसार निकामी झालेला बैल दाखला घेऊन कत्तलीसाठी विकता येत असे. २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूंच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. त्यामागच्या भावनेबद्दल इथे वाद घालायचा नाही. पण शेतकऱ्याच्या दावणीला परिणाम असा झाला की म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. कायद्याने त्याला मरणापासून राखले. जगण्याचा खर्च मात्र मालकाच्या नावे मांडला. त्यात आमच्या भागात कपाशी आणि मका वाढला, दादर ज्वारीचा पेरा घटला, तसा कडबाही महागला. ट्रॅक्टर दारात उभा असताना न नांगरणाऱ्या, न पळणाऱ्या बैलापुढे रोज वैरण टाकणे ही हौस राहत नाही.

मामांनी ती टाकली. भाद्रपदात आम्ही दोघे गेलो आणि म्हणालो, हरण्याच्या चाऱ्याचा निम्मा भार आमच्यावर असू द्या. मामा रागावले. भाच्यांकडून पैसे घ्यायची वेळ आली नाही म्हणाले. मग आम्ही पैसे दिले नाहीत. सुगीला दादरचा कडबा आणि मधून मधून सरकीच्या ढेपेची पोती पाठवू लागलो, ती त्यांनी परत केली नाहीत. हे इथे लिहिण्यात मोठेपणा मिरवण्याचा हेतू नाही. महिन्याचा हिशेब काढला तर आमच्या पेट्रोलपेक्षा तो कमी भरतो. लिहिण्याचे कारण एवढेच की ज्याच्या बाबतीत आपण 'आपला' म्हणतो, त्याच्या गव्हाणीत आपलाही कडबा पडला पाहिजे, एरवी ते सर्वनाम वापरू नये, असे आम्हांला आता वाटते.

२०२३ च्या दत्तजयंतीला आम्ही मामांना घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. सारंगखेडे आता नंदुरबार जिल्ह्यात. १९९८ पर्यंत आमच्या धुळ्यातच होते. एकमुखी दत्ताचे दर्शन घेऊन तापीकाठच्या घोडेबाजारात हिंडलो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा. लोक दात पाहत होते, अंगावरचे भोवरे मोजत होते, रेवाल चाल चालवून घेत होते. एका व्यापाऱ्याच्या तंबूमागे एक म्हातारा घोडा बांधलेला होता, डोळ्यांवर खोल खड्डे पडलेला. मामांनी किंमत विचारली. व्यापारी हसला. तो विकायचा नाही म्हणाला. नवी शिंगरे गर्दीला बुजतात, हा शेजारी उभा असला की शांत राहतात, म्हणून दरवर्षी आणतो. मामा त्या घोड्यापाशी बराच वेळ उभे राहिले. आमच्या मनात तोवर नाना उपमा येऊन गेल्या होत्या. या वेळी आम्ही त्या बोलून दाखवल्या नाहीत.

या सगळ्यातून आमच्या हाती काही नियम आले का? थोडेसे. निवृत्तीचा निर्णय जिंकल्याच्या मैदानावर घेऊ नये आणि हरल्याच्या मैदानावर तर नाहीच. तो गोठ्यात घ्यावा. वयाच्या आकड्यावर तो घेता येत नाही. अकरावे वर्ष कॉटो स्टारला चालले आणि हरण्याला चालले नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहावी लागते, आणि ती रोज गोठ्यात असणाऱ्यालाच दिसते. म्हणून ज्याच्या हाती उद्याची वैरण आहे, त्याचे मन होत नसेल तर तेवढे कारण पुरे मानावे. आणि ज्याला फक्त शर्यत पाहायची आहे त्याला, तो कितीही शिकलेला असला तरी, या बाबतीत मत नाही.

गेल्या पोळ्याला, म्हणजे २०२५ च्या श्रावणी अमावास्येला, आम्ही दोघेही गावी होतो. मामांच्या दावणीला आता दोनच बैल. हरण्याच्या शिंगांना हिंगूळ लावला, पाठीवर जुनीच झूल घातली. वेशीपर्यंत तो लंगडत गेला, सर्वांच्या मागून, आणि मिरवणूक त्याच्यासाठी थांबली नाही, थांबावी असे कोणाला वाटलेही नाही. मामीने त्याला पुरणपोळी खाऊ घातली. गावातली लहान पोरे त्याला ओळखत नव्हती. एकाने विचारले, हा कोणाचा बैल? मामांनी उत्तर द्यायच्या आत आमच्यापैकी एक जण, कोण ते महत्त्वाचे नाही, म्हणाला, "आपला."

रात्री आम्ही ओसरीवरच निजलो. पहाटे जाग आली तेव्हा मामा कंदील घेऊन गोठ्यात बसलेले दिसले. आम्ही जाऊन शेजारी बसलो. हरण्याने मागचे पाय उचलले, पुढचे गुडघे टेकवले आणि तो थांबला. आता त्याला पहिल्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. आम्ही तिघेही काही न बोलता वाट पाहत राहिलो.